स्पीडब्रेकर समितीच्या भरलेल्या खुर्च्या

गल्लीत स्पीडब्रेकर हवा, हे वाक्य पहिल्यांदा लॅबवाल्यांच्या तोंडून बाहेर पडलं, आणि तेही जेवताना, तोंडात घास असताना. एरवी त्यांचं बोलणं मोजूनमापून असायचं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ते पाण्याचे नमुने तपासायचे, आणि दोनदा तपासल्याशिवाय पाणी हे पाणी आहे एवढंसुद्धा कबूल करायचे नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी न तपासता एक वाक्य बोलून टाकलं आणि त्या वाक्याच्या मागे पुढची काही वर्षं सगळी गल्ली खुर्च्या घेऊन फिरली.

त्याला निमित्त झालं होतं छत्रीचं.

मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं होतं. पूल कुठून निघून कुठे उतरणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना पत्रे ठोकले गेले, पत्र्यांवर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं लिहिलं गेलं, आणि काम करणारे बहुधा क्षमा मिळण्याची वाट पाहत बसले. गाड्यांना तेवढा धीर नव्हता. पाणी जसं उतार शोधत जातं तशी वाहतूक गल्ली शोधते. एका स्कूटरला ही गल्ली सापडली, तिच्या मागच्या स्कूटरने ते पाहिलं, आणि आठवडाभरात जिथे कपडे वाळत घालताना बायका निवांत गप्पा मारायच्या तिथून टेम्पो जायला लागले.

लॅबवाल्यांच्या वडिलांना गल्ली ड्रायव्हरकाका म्हणायची. त्यांनी जन्मभर बस चालवली होती. कुठे साधा ओरखडाही नाही. एकदा एक म्हैस रस्त्यात बसली होती तर तिचं रवंथ होईपर्यंत बस थांबवून ठेवणारा माणूस. त्यांचा एकुलता एक मित्र गल्लीच्या पलीकडच्या घरात राहायचा, तो म्हणजे त्यांच्याच बसचा कंडक्टर. दोघांनी एकाच गाडीवर नोकरी काढली. पण बसमध्ये ड्रायव्हर पुढे, कंडक्टर मागे आणि मध्ये माणसं. त्यामुळे सगळ्या नोकरीत त्यांचं बोलणं झालं ते घंटीतून. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. एवढ्या शब्दसंग्रहावर मैत्री टिकवलेली माणसं विरळा. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो तुंबलेला सगळा विषय बोलायला काढला. कंडक्टरकाकांचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून रोज संध्याकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ड्रायव्हरकाकाच पलीकडे जायचे आणि व्हरांड्यात बसून दोघं एकेक जुनी फेरी पुन्हा पहिल्या स्टॉपपासून चालवायचे.

"तो आठवतो का, रोज चढायचा आणि रोज विचारायचा, ही गाडी कुठे जाते?"

"शेवटपर्यंत उतरला नाही हो तो कधी. मी विचारलं तर म्हणाला, घरी बायकोची बहीण आलीय."

अशा गोष्टी. त्या संपणाऱ्या नव्हत्या.

तर त्या संध्याकाळी ड्रायव्हरकाका दारातून निघाले, छत्री आडवी धरून त्यांनी येणाऱ्या स्कूटरला रीतसर थांबायची खूण केली. स्कूटर थांबली नाही. तिच्या आरशात छत्री अडकली आणि मेडिकलच्या दुकानापर्यंत स्वारी करून आली. ड्रायव्हरकाकांना काही झालं नाही. पण छत्रीचा आकार असा झाला की ती उघडली तरी मिटलेली वाटायची.

"हात दाखवला होता मी," ते घरात आल्यावर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "हात दाखवला की थांबायचं असतं."

सुनेने तिथल्या तिथे निकाल दिला. "बाबा, उद्यापासून हे तुमचा हात धरून पलीकडे सोडतील."

"हा?" बाबांनी मुलाकडे पाहिलं. "याचा हात धरून मी याला शाळेत नेत होतो तेव्हा हा रस्त्याच्या मधोमध मुंग्या बघायला बसायचा. याच्या भरवशावर मी रस्ता ओलांडू?"

आणि त्यांनी जाणंच बंद केलं. खिडकीत बसायला लागले. पलीकडे व्हरांड्यात कंडक्टरकाका बसलेले. मध्ये गाड्यांचा ओघ. ओरडून बोलून पाहिलं, पण म्हातारपणी हॉर्नवर आवाज चढवणं जमत नाही. फोन करून पाहिला, तर दोघंही 'हॅलो'च्या पुढे सरकेनात. कंडक्टरकाकांना ऐकू यायचं नाही आणि ड्रायव्हरकाका उत्तर आलं की फोन डोळ्यांसमोर धरून बघायचे. मग दोघंही नुसते एकमेकांकडे पाहत बसायचे.

एके दिवशी जेवताना सून हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, बाबांनी दाढी करायची सोडली बघा. कुठे जायचंच नसेल तर करतील कोणासाठी?"

लॅबवाल्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. ताटात निम्मं जेवण तसंच टाकून बाबा झोपायला गेले होते. तेव्हा घास तोंडात असतानाच ते वाक्य बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून लॅबवाले कचेरीत गेले. तिथे गेल्यावर पहिला शोध असा लागला की स्पीडब्रेकर नावाची वस्तू सरकारदरबारी अस्तित्वात नाही. तिथे गतिरोधक असतो. रस्ते खात्याने त्यांना वाहतूक खात्याकडे पाठवलं, वाहतूक खात्याने परत रस्ते खात्याकडे, आणि मधल्या जिन्यात त्यांना इतके ओळखीचे लोक भेटले की ही जागा आधी का नाही पाहिली असं त्यांना वाटून गेलं. शेवटी एका टेबलामागच्या इंजिनिअरने त्यांचं ऐकून घेतलं.

"आतापर्यंत अपघात किती?"

"एकही नाही."

"जखमी कोणी?"

"छत्री," लॅबवाले प्रामाणिकपणे म्हणाले.

इंजिनिअरने कागदावरून मान वर केली. "छत्रीला रकाना नाही आमच्याकडे."

"म्हणजे अपघात होईपर्यंत वाट बघायची का?"

"वाट बघा असं आम्ही लेखी कधी म्हणत नाही." मग त्याला बहुधा दया आली. "हे बघा, एकट्याने सांगितलं की ती तक्रार. तक्रारीला आम्ही उत्तर देतो. सगळ्यांनी मिळून सांगितलं की ती मागणी. मागणी आली की माणूस पाठवतो. समिती काढा."

समिती काढायला अडचण नव्हती. गल्लीत मतं भरपूर होती आणि ती द्यायला जागा नव्हती. अडचण होती ती बसायची. "माझ्या घरात सगळ्या गल्लीच्या चपला नकोत," असं लॅबवाल्यांच्या बायकोने सांगून टाकलं. शेवटी शिकवणीच्या बाईंनी आपली शिकवणीची खोली दिली आणि त्या ओघानेच अध्यक्ष झाल्या. खोलीत लहान मुलांचे बाक. त्यात मोठी माणसं बसली की गुडघे हनुवटीला लागायचे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक कॅशियर पहिल्याच मीटिंगला बाकात असे अडकले की समितीचा पहिला ठराव त्यांना बाहेर काढण्याचा झाला. बाईंच्या समोर बसल्यावर का कोण जाणे, सगळे बोलण्याआधी हात वर करायचे. मेडिकलवाले, जे दुकानात चार गिऱ्हाइकांशी एकदम भांडू शकायचे, ते इथे पाणी प्यायला जाण्यासाठी परवानगी मागायचे.

समितीचं नाव काय ठेवावं यात दोन संध्याकाळी गेल्या. 'सुरक्षा' आधी की 'विकास' आधी, हा वाद. कॅशियर म्हणाले, सुरक्षा आधी, कारण जिवंत असल्याशिवाय विकास कोणाचा करणार. मेडिकलवाले म्हणाले, विकास झाला नसता तर सुरक्षेची गरजच पडली नसती, तेव्हा मान विकासाचा. बाईंनी दोघांनाही बाहेर उभं करण्याची धमकी दिली. गल्ली मात्र तिला शेवटपर्यंत स्पीडब्रेकर समितीच म्हणत राहिली.

खरी गाडी अडली ती जागेवर. स्पीडब्रेकर सगळ्यांना हवा होता. फक्त तो दुसऱ्याच्या दारात हवा होता. गाडी त्यावर आदळली की खडखडाट होणार, मागची गाडी हॉर्न देणार. अपवाद मेडिकलवाल्यांचा. त्यांना तो बरोबर दुकानासमोर हवा होता, कारण गाडी हळू झाली की माणसाची नजर दुकानाकडे जाते आणि आपल्याला खोकला आहे हे त्याला आठवतं.

"यात शास्त्रीय पद्धतीने जाऊ," असं लॅबवाले म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा त्यांना त्रास झाला होता, पण विज्ञानावरची श्रद्धा त्रासाने ढळत नाही. त्यांनी रस्त्यावर खडूच्या रेघा मारल्या, हातात स्टॉपवॉच घेतलं, आणि सकाळी कामावर जाण्याआधी गाड्या कुठे वेग घेतात ते टिपायला उभे राहिले. लांबून नीट दिसावं म्हणून काही भिंतींवर खडूच्या फुल्याही केल्या. गल्लीच्या दोन्ही टोकांना लोक थांबून बघायला लागले. एका माणसाने नम्रपणे विचारलं, "साहेब, रस्ता रुंद होणार का?" लॅबवाले आकडा मनात धरून होते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. ती कुठल्या दिशेने हलवली हे त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

दुपारपर्यंत बातमी पसरली की रस्ता रुंद होणार आणि फुली असलेली घरं कापली जाणार.

कॅशियर बादली आणि फडकं घेऊन खाली उतरले. त्यांनी आपल्या भिंतीवरची फुली पुसली. पण एवढी वर्षं कॅश सांभाळलेला माणूस; इथली एक फुली कमी झाली म्हणजे कुठेतरी ती दाखवावी लागणार. त्यांनी ती मेडिकलवाल्यांच्या भिंतीवर जमा केली. मेडिकलवाल्यांनी ते पाहिलं आणि दोन्ही फुल्या शिकवणीच्या बाईंच्या खात्यात वळवल्या. बाई चहा घ्यायला आत गेल्या होत्या; बाहेर आल्यावर त्यांनी सगळा हिशेब पुढच्या घरावर ढकलला. लॅबवाले कामावरून घरी आले तेव्हा सगळ्या गल्लीच्या फुल्या त्यांच्याच भिंतीवर होत्या आणि बायको दारात उभी होती.

"अभिनंदन," ती म्हणाली. "इतरांचं थोडंथोडं कापणार होते. आपलं आख्खं जाणार."

"अगं, त्या फुल्या माझ्याच आहेत. माप घ्यायला केलेल्या."

"तेच सगळ्यांना सांगून या जाऊन. एकेकाच्या दारात जाऊन सांगा. मी इथे उभी राहते, आणखी कोणी आणून टाकू नये म्हणून."

लॅबवाले घरोघरी गेले. प्रत्येक घरी त्यांना चहा मिळाला आणि प्रत्येक घरी कोणीतरी म्हणालं, "तुम्ही म्हणताय तर असेल बुवा." हे वाक्य सभ्य माणसाला जितकं लागतं तितकं शिवीही लागत नाही. परत आल्यावर त्यांनी खिडकीत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा पलीकडे पाहत होते.

"कंडक्टर आज आत गेला लवकर," एवढंच ते म्हणाले.

अखेर जागेचा रकाना रिकामा ठेवून मागणी गेली, आणि कचेरीने दिलेला शब्द पाळला. इंजिनिअर पाहणीला येणार असं कळलं, तेही संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. समितीत उत्साहाची लाट आली. एवढा मोठा माणूस येणार आणि त्याला चारच डोकी दिसली तर मागणीला वजन काय राहिलं? प्रत्येक घरातून सगळ्यांनी यायचं, असं ठरलं. शिकवणीच्या खोलीत एवढे लोक मावणार नव्हते, आणि पाहुण्याला बाकात अडकवणं बरं दिसलं नसतं. तेव्हा सभा गल्लीतच घ्यायची, ज्याने त्याने आपली खुर्ची आणायची.

ती संध्याकाळ ज्यांनी पाहिली त्यांना अजून ती आठवते. घराघरातून खुर्च्या निघाल्या. त्या खुर्च्या एरवी कोणी एकत्र पाहिल्या नव्हत्या. कॅशियरांची निरोप समारंभात मिळालेली हातांची खुर्ची, जिच्यावर ते घरी कधी बसत नसत. मेडिकलवाल्यांचं उंच स्टूल, ज्यावरून ते सगळ्यांच्या टकलांकडे तज्ज्ञाच्या नजरेने पाहायचे. कोणाची एक पाय आखूड असलेली, कोणाची वेताची, बसल्यावर कण्हणारी. भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगा लागल्या. मधोमध टेबल, टेबलावर धुतलेली चादर, चादरीवर पाण्याचा तांब्या. इंजिनिअर आले, त्यांना हातांची खुर्ची मिळाली. त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवला, पेन उघडलं, आणि ते गाड्यांची वाट पाहू लागले.

गाडी येईना.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटरी यायच्या, आत एवढी माणसं बसलेली बघायच्या, कोणाच्या घरी काहीतरी बरंवाईट झालंय असं समजून आदराने वळून जायच्या. एका टेम्पोवाल्याने तर डोक्यावरची टोपी काढली. इंजिनिअरना चहा दिला. आणखी वेळ गेला. मग दुसरा चहा दिला. बाईंनी सगळ्यांना गप्प बसवलं, जणू शांतता असली की गाड्या येतील. पण ती शांतताच अशी होती की पलीकडच्या झाडावर पक्षी आहेत हे गल्लीला त्या संध्याकाळी नव्याने कळलं.

"रोज अशीच वाहतूक असते का?" इंजिनिअरने विचारलं.

"नाही हो साहेब, रोज फार भयंकर असतं," कॅशियर कळवळून म्हणाले. "आजच काय झालंय कोण जाणे."

एवढ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण रस्ता बंद करून रहदारी दाखवायला बसलो आहोत. नमुना घेताना नळ आधी वाहता हवा, हे रोज दहा जणांना सांगणाऱ्या लॅबवाल्यांच्याही नाही. ते तर शेवटचा हुकमी पत्ता काढायला उभे राहिले.

"साहेब, वाहतूक जाऊ द्या. माणूस बघा. माझे वडील. जन्मभर बस चालवलेला माणूस, आज त्यांना समोरच्या घरी जाता येत नाही. त्या खिडकीत बसून असतात. ते बघा."

सगळ्या गल्लीने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती.

लॅबवाले घराकडे वळणार, तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. पलीकडच्या व्हरांड्यात ड्रायव्हरकाका आणि कंडक्टरकाका शेजारी शेजारी बसले होते. ड्रायव्हरकाकांनी दाढी केली होती, घाईत केलेली दिसत होती. कानापाशी साबण तसाच होता. लॅबवाले खिडकीकडे पाठ करून भाषणाची तयारी करत होते तेव्हा ड्रायव्हरकाका शांतपणे दार उघडून, रांगांमधून 'जरा पाय घ्या' म्हणत पलीकडे गेले होते. लोकांनी पायही घेतले होते. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"हेच का ते?" इंजिनिअरने विचारलं. "ओलांडता येत नाही म्हणालात ते?"

लॅबवाल्यांना उत्तर द्यायचं होतं. पण व्हरांड्यात कंडक्टरकाका सांगत होते, "अहो ड्रायव्हर, तुम्ही नव्हता तेव्हा मला ती पुलापाशी उतरणारी बाई आठवली, आणि सांगायला कोणी नव्हतं हो." ते ऐकून लॅबवाले नुसते खाली बसले. त्यांची खुर्ची तेवढ्यात कोणीतरी पुढे ओढली होती. ते रस्त्यावर बसले.

कचेरीचं उत्तर आलं. सदर गल्लीत पाहणीच्या वेळी वाहतूक आढळून आली नाही, सबब गतिरोधकाची आवश्यकता नाही. तथापि रस्त्यावर खुर्च्यांचं अतिक्रमण आढळून आलं असून समितीच्या सचिवांनी खुलासा करावा. सचिव अर्थातच लॅबवाले.

खुलासा करायला बाई सोबत गेल्या. त्यांनी इंजिनिअरला उभं केलं नाही, पण आवाज तोच लावला.

"मला सांगा, रस्त्यावर रिकामी खुर्ची असली तर?"

"अतिक्रमण."

"आणि तिच्यावर माणूस बसला असेल तर?"

इंजिनिअरने उठून नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. "त्याबद्दल यात काही दिसत नाही," तो शेवटी म्हणाला, आणि बाई 'बस खाली' म्हणतील या भीतीने स्वतःच बसला.

त्या संध्याकाळी पुढे काय करायचं हे ठरवायला मीटिंग होती. शिकवणीच्या खोलीत जायला सगळे निघाले, तेव्हा लॅबवाले दारात घुटमळले. खिडकीत बाबा होते. पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून.

"खोलीत फार उकडतं," लॅबवाले म्हणाले. "इथेच बसलो तर?"

मेडिकलवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि ते स्टूल आणायला गेले.

तेव्हापासून मीटिंग रोज व्हायला लागली. नियम एकच: खुर्ची रिकामी ठेवायची नाही. उठलात तर खुर्ची घेऊन उठायचं. त्यामुळे घरात फोन वाजला की माणूस खुर्चीसकट धावायचा. दुधाला उतू जाण्याचा वास आला की एकदम तीन खुर्च्या स्वयंपाकघरांकडे निघायच्या. आजाऱ्याची गाडी किंवा गल्लीतल्याच कोणाची स्कूटर आली तर सगळी समिती खुर्च्या पाठीला लावून भिंतीला चिकटायची आणि गाडी गेली की पुन्हा पसरायची. बाकीच्या वाहनांनी कंटाळून दुसरी कुठलीतरी गल्ली शोधली. तिथेही पुढे समिती निघाली म्हणतात.

आता लॅबवाल्यांपुढे नवाच प्रश्न होता: विषय आणायचे कुठून? ज्या माणसाला मीटिंग कधी एकदा संपते असं व्हायचं, तो कामावर बसून संध्याकाळसाठी वादाचे मुद्दे शोधायला लागला. दिव्याचा खांब वाकडा आहे की भिंत वाकडी आहे. कुत्र्यांना समितीत घ्यावं का, कारण गल्लीची सुरक्षा खरं तर तेच बघतात. विषय संपत आला आणि लोक चुळबुळ करायला लागले, की लॅबवाले पलीकडच्या व्हरांड्याकडे चोरून पाहायचे. तिथली फेरी अजून अर्ध्या वाटेत असायची. नेमकं त्याच वेळी मेडिकलवाले हात वर करायचे आणि म्हणायचे, "माझी हरकत आहे." हरकत कशाला, हे ते उभं राहिल्यावर ठरवायचे. सगळ्यांना सगळं कळत होतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

बायका भाजी निवडायला बाहेर आणायच्या. शिकवणीची मुलं गल्लीतच पाढे म्हणायची. कॅशियर, ज्यांच्याशी आधी कोणी बोलत नसे, ते फार सुंदर शीळ घालतात हे त्याच काळात उघड झालं. एवढ्या वर्षांत शेजारच्या घरात काय रंगाचा पडदा आहे हे माहीत नसलेली माणसं एकमेकांच्या रक्तदाबावर अधिकाराने बोलू लागली. लॅबवाल्यांची बायको एकदा म्हणाली, "तुमच्या एका अपयशाने गल्ली सुधारली. आणखी एखादं करून बघा." त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

आणि मग एका सकाळी स्पीडब्रेकर आला.

कोणी मागितला नव्हता. म्हणजे मागितला होता, पण नाकारला गेला होता. झालं असं की मागणी एका टेबलावर नामंजूर झाली, आणि ते दुसऱ्या टेबलाला कळलं नाही. डांबराची गाडी आली, माणसं उतरली, आणि शाळा-कचेऱ्यांच्या वेळेआधी गल्लीच्या मधोमध काळा, गुळगुळीत, चकचकीत स्पीडब्रेकर झोपलेला होता. त्याच आठवड्यात पत्रे निघाले. पूलही झाला होता. मुकादमाने सचिवांचं घर विचारत येऊन कागद पुढे केला. काम समाधानकारक झालं, इथे सही.

लॅबवाल्यांनी पेन हातात घेतलं. ज्यासाठी त्यांनी रजा घालवल्या, घरावर फुल्या झेलल्या, रस्त्यावर बसले, ते समोर होतं. आता बाबांना खुशाल पलीकडे जाता येणार होतं. आता मीटिंगची काही गरज नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

"सही नाही करता येणार," ते म्हणाले. "जागेबद्दल रहिवाशांची हरकत आहे. मीटिंग बोलवावी लागेल."

"कधी बोलावता?"

"आज संध्याकाळी. पण निर्णयाला वेळ लागेल."

मुकादम निघून गेला. वेळ लागला तो असा, की त्या एका विषयावर पुढची दोन-अडीच वर्षं मीटिंग चालली. गाड्या येत नव्हत्या, आल्या तर हळू येत होत्या; खुर्च्यांची तशी काही आवश्यकता उरली नव्हती. तरी संध्याकाळ झाली की त्या निघायच्या. दुसऱ्या गावातून पाहुणे आले तर त्यांनाही खुर्ची मिळायची आणि मत विचारलं जायचं.

मग कंडक्टरकाकांच्या मुलीने त्यांना आपल्या गावी न्यायचं ठरवलं. गुडघे फारच झाले होते, एकटं ठेवणं बरं नव्हतं. निघायच्या दिवशी गाडी स्पीडब्रेकरच्या अलीकडे उभी राहिली. ड्रायव्हरकाकांनी मित्राला हात देऊन आत बसवलं, दार नीट लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि गाडी चालवणाऱ्या जावयाला सांगितलं, "सावकाश घ्या. मागे माझा माणूस बसलाय."

दोन संध्याकाळी ते खिडकीतही बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीटिंग सुरू झाल्यावर ते दारातून बाहेर आले, हातात स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन. एवढ्या वर्षांत ते मीटिंगला कधी बसले नव्हते. फक्त मधून गेले होते. लोकांनी सरकून जागा केली. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग बाईंकडे पाहून हात वर केला.

"बोला काका," बाई म्हणाल्या.

ते उभे राहिले. "तो ब्रेकर आहे तिथे ठीक आहे. माझ्यासाठी तुम्ही फार दिवस अडवून धरलात. आता मंजूर करून टाका."

कॅशियर आपल्या खुर्चीचा हात न्याहाळत बसले. लॅबवाल्यांनी पेन काढलं, पण टोपण काही निघेना; निघेना म्हणजे ते काढतच नव्हते. ड्रायव्हरकाका खाली वाकले आणि नियमाप्रमाणे आपली खुर्ची उचलायला लागले.

तेवढ्यात उंच स्टुलावरून मेडिकलवाल्यांनी हात वर केला.

"असं कसं मंजूर?" ते म्हणाले. "माझी हरकत आहे. त्या ब्रेकरमुळे दुकानासमोर पाणी तुंबतं. आणि काका, तुम्ही एवढी वर्षं गाडी चालवलीत, तुम्हीच सांगा, त्याची उंची बरोबर आहे का? आम्हाला यातलं काय कळतं?"

ड्रायव्हरकाकांनी उचललेली खुर्ची तशीच हातात धरून स्पीडब्रेकरकडे पाहिलं. एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने.

"उंची ठीक आहे," ते म्हणाले, "पण उतार चुकलाय. बस असती तर मागच्या माणसाचं डोकं आपटलं असतं."

"तर मग," बाई म्हणाल्या, "बसून सांगा."

ते खुर्ची ठेवून बसले आणि सांगायला लागले.